सोमवारपर्यंत थांबली नाही ती भागीरथा

मूलजवळच्या एका तलावकाठच्या गावात भागीरथा मासोळी विकते. सकाळी डोक्यावर टोपलं घेऊन निघाली की चार गावं पालथी घालून दुपारी परतते. घडीभर स्वस्थ बसणं तिच्या अंगातच नाही.

तिची मुलगी आचल सातव्या महिन्यातच जन्मली. मेंदूला इजा झाली आणि पाय लाकडासारखे ताठ झाले. सहा वर्षांची झाली तरी उभी केली की टाचा टेकायच्या नाहीत, गुडघे एकमेकांत अडकायचे. बोलायची मात्र चुरुचुरु. नागपूरच्या डॉक्टरांनी सुचवलं, पाय ताठ करणाऱ्या काही नसा पाठीच्या कण्यात निवडून कापू. नवरा डोमा घाबरला. "नस कापली तं लेकरू कायमचं लुळं होईन," म्हणाला. भागीरथानं दोन दिवस विचार केला आणि कागदावर सही केली.

ऑपरेशन होऊन आचल घरी आली. तिसऱ्या दिवशी तिला उठवून बसवलं तर ती रडायला लागली. "माय, डोक्स दुखते!" निजवलं की दुखणं थांबायचं, बसवलं की पुन्हा सुरू. दोनदा उलटी झाली. पाठीवरची पट्टीही भागीरथाच्या हाताला ओली लागली.

गावातल्या नर्सबाई म्हणाल्या, "उकाडा केवढा आहे, घाम असन." नागपूरच्या दवाखान्यात फोन लावला, तर उत्तर आलं, सोमवारी तपासणीला यायचंच आहे, तेव्हा आणा. तो गुरुवार होता.

भागीरथा घरात-अंगणात येरझारा घालू लागली. मग तिनं धुतलेल्या फडक्याची घडी पट्टीवर ठेवली आणि पोरीला पंख्याखाली कुशीवर निजवलं. अर्ध्या तासानं पाहिलं. मान कोरडी, कंबर कोरडी, फडकं तेवढं तळव्याएवढं ओलं. रंग नाही, वास नाही. दुसरं फडकं ठेवलं, तेही तसंच. तिसरंही.

"घाम एवढ्याच जागी येते का जी?" तिनं डोमाला विचारलं.

"मले काऊन विचारतं? सही तं तूनं केली."

ते तिला लागलं. "हाव, मीच केली. म्हनून मीच नेईन तिले. आत्ताच."

तिनं शेजारची जीप ठरवली. डोमाही आत चढला आणि पोरीचं डोकं त्यानं मांडीवर घेतलं. आचलला आडवीच ठेवून ते चार तासांनी नागपूरला पोचले.

तिथल्या तरुण डॉक्टरनं पट्टी पाहिली, भागीरथानं सोबत आणलेली ती तीन फडकी पाहिली आणि लगेच खुर्ची मागे सारली. "कण्याभोवतीचा पडदा उसवलाय. मेंदूभोवती असतं तेच पाणी झिरपतंय. म्हणून बसलं की डोकं दुखतं. यातून जंतू आत गेले असते, तर मेंदूज्वर झाला असता."

"सोमवारपर्यंत थांबलो असतो तं?" भागीरथानं विचारलं.

डॉक्टर ऑपरेशनच्या खोलीला फोन लावत होता.

पुन्हा टाके पडले. सात दिवस आचलला सपाट निजवून ठेवायचं होतं. लघवी होईना म्हणून नळीही घातली. भागीरथा खाटेभोवती फिरत राहायची. दर घटकेला पट्टीवर हात फिरवायची आणि नर्सची बोलणी खायची.

पाणी थांबलं. पण पोरीला उभी केली तेव्हा पाय गळून गेले. ताठपणा गेला होता आणि खाली काहीच उरलं नव्हतं. डोमाचं बोलणं खरं झालं, असं भागीरथाला वाटलं.

व्यायाम शिकवणाऱ्या रीनाताईंनी तिला बाजूला घेतलं. "ती ताठपनावरच उभी राहत होती, बाई. खरी ताकद कमीच होती. आता ती वाढवा लागन."

"किती दिवस?"

"दिवस नाई. महिने."

मग रोज तीनदा व्यायाम सुरू झाला. बाजाराच्या दिवशीही भागीरथानं चुकवला नाही. आचल रडायची, चावायचीही. डोमानं पाय धरायला शिकून घेतलं. अकराव्या महिन्यात आचल लोखंडी वॉकर धरून घरापासून अंगणवाडीपर्यंत गेली, दोन्ही टाचा टेकवत.

सगळं मात्र बरं झालेलं नाही. डाव्या तळव्याला स्पर्श नीट कळत नाही. उन्हात तापलेल्या फरशीवर फोड आला, तो पोरीला समजलाच नाही. हसली की कधी कधी लघवी सुटते. भागीरथा रोज तिचे तळवे तपासते.

मागच्या तपासणीला भामरागडकडची सुकरी नावाची बाई बाकावर भेटली. मांडीवर तशीच ताठ पायांची मुलगी, तिलाही तेच ऑपरेशन सुचवलेलं. भागीरथानं तिला सगळं सांगितलं, पाणी, नळी, फोड, वॉकर, काहीच लपवलं नाही.

"मंग करू का नोको?" सुकरीनं विचारलं.

"ते मी कशी सांगू, बाई? माह्या मनालेच अजून खात्री नाई." भागीरथानं सुकरीच्या पोरीचे पाय चाचपले. "पन तुमच्या इथी पावसाळ्यात रस्ता बंद होते ना? मंग करशीन तं उन्हाळ्याच्या आधी कर, मागून काही झालं तं दवाखान्यात नेता आलं पाह्यजे. आन मले फोन करत जाय."

नंबर तिनं आचलकडून सुकरीच्या हातावर लिहवून घेतला. एक आकडा उलटा पडला, तो पोरीनं खोडून पुन्हा लिहिला.