पावाच्या गाडीचे अंदाजपत्रक

दाजी गेल्याचा निरोप खालच्या वाण्याच्या टेलिफोनवर आला, तेव्हा मी दक्षिणेकडील एका नगरपालिकेच्या जकात अधिकाऱ्याला तिसरे पत्र लिहीत होतो. पत्र दाजींच्याच वतीने होते. त्यांच्या गाडीतला स्टोव्ह, दोन गाद्या आणि तांदळाचा डबा हा ‘विक्रीसाठी शहरात आणलेला माल’ ठरवून त्या नाक्यावर त्यांच्याकडून जकात घेण्यात आली होती. शहराबाहेर पडताना ती परत मिळायला हवी होती, मिळाली नाही. रक्कम किरकोळ होती, तत्त्व किरकोळ नव्हते. ज्या गादीवर माणूस रोज निजतो ती गादी विक्रीचा माल कशी, एवढेच मला त्या अधिकाऱ्याकडून लेखी हवे होते. वाण्याने हाक मारली, मी खाली गेलो, आणि परत वर येऊन लेखणीला टोपण घालण्याचेही भान राहिले नाही. दादरहून गिरगावात पोहोचलो तेव्हा अक्का, माझी थोरली बहीण, दाजींच्या उशाशी बसली होती. दुपारचा चहा पिऊन ते आरामखुर्चीत टेकले होते ते उठलेच नाहीत... या गोष्टीला आता काही आठवडे झाले.

माझे नाव या पुरवणीच्या वाचकांना पत्रव्यवहाराच्या स्तंभातून ठाऊक असेल. सॉलिसिटरच्या कचेरीत मसुदे लिहिण्यात माझे आयुष्य गेले. मी वकील नव्हे. पण दाजी मला कायम ‘वकीलसाहेब’ म्हणत, आणि त्यात कौतुक किती व टोमणा किती हे मला शेवटपर्यंत ठरवता आले नाही. ते स्वतः गिरगावातल्या एका शाळेत भूगोल शिकवीत. खडू न उचलता फळ्यावर सबंध देशाची किनारपट्टी काढीत, गोदावरीचा त्रिभुज प्रदेश तर तळहाताच्या रेषेइतका सराईतपणे. मात्र ते स्वतः एका बाजूला नाशिक आणि दुसऱ्या बाजूला रत्नागिरी यापलीकडे गेलेले नव्हते. पगार, आईचे दीर्घ आजारपण, धाकट्या भावंडांची लग्ने... कारणे सगळ्यांची असतात तीच. मूलबाळ नव्हते. निवृत्त झाले तेव्हा हाताशी प्रॉव्हिडंट फंड होता आणि डोक्यावर चाळीतल्या भाड्याच्या खोलीचे छप्पर.

त्या दिवसांत मुंबईसाठी हरताळ होत. असाच एक हरताळ होता, दुकाने बंद होती, आणि मी सभेला जाण्यापूर्वी अक्काकडे डोकावलो होतो. दाजी म्हणाले, “वकीलसाहेब, लालबागला एक गाडी बघून ठेवलीय. बेकरीची होती. आत दोन माणसं आडवी होतील एवढी जागा आहे.”

“आडवी होऊन काय करतील?”

“निजतील. सकाळी उठून पुढच्या गावाला जातील. असा सगळा देश.”

मी अक्काकडे पाहिले. ती लसूण सोलत होती. “माझ्याकडे काय बघतोस, बंडू? मला महिन्याभरापासून माहीत आहे.”

माझा संताप झाला. दिल्लीत बसलेली माणसे मुंबई आपल्यापासून तोडू पाहत आहेत, लोक रस्त्यावर छातीवर गोळ्या झेलत आहेत, आणि अशा वेळी हा सुशिक्षित मनुष्य मुंबई सोडून गावोगाव हिंडायला निघतो, असे मी बरेच मोठ्याने बोललो. दाजींनी सगळे ऐकून घेतले. मग म्हणाले, “मुंबई आपली आहे ना? मग कुलूप लावून जाता येईल. परक्याच्या घराला कुणी कुलूप लावत नाही.”

परंतु माझी खरी भीती त्या कुलपाचीच होती. भाडेनियंत्रणाचा कायदा भाडेकरूचा कैवारी आहे; तरी त्यात एक कलम असे आहे की, योग्य कारणाविना जागा सलग सहा महिने वापरात नसेल तर घरमालकाला ताबा मागता येतो. दाजींच्या घरमालकाला हे कलम माझ्याइतकेच पाठ होते. मी स्वतः तेथे राहायला जावे, तर पोटभाडेकरू ठेवल्याचा आरोप तयार. दाजींचे वय झालेले, प्रकृती बेताची. फंड रस्त्यावर संपला, खोली गेली आणि उद्या त्यांचे काही बरेवाईट झाले, तर अक्काने जायचे कोठे? हा प्रश्न मी त्यांच्या तोंडावर विचारला. असे प्रश्न मी तोंडावरच विचारतो.

दाजी चिडले नाहीत. “मग सहा महिन्यांच्या आत परत येऊ,” ते म्हणाले. “देशाचे दोन भाग करू. एका दसऱ्याला दक्षिणेला निघायचं, पाडव्याच्या आत घरी. उन्हाळा-पावसाळा इथंच. पुढच्या दसऱ्याला उत्तर. पावसात नद्या गाडीला वाट देत नाहीत आणि सहा महिन्यांनंतर तुमचा कायदा देत नाही. दोघांचा मान राहील.”

त्यानंतर प्रत्येक रविवारी अंदाजपत्रकाच्या बैठका सुरू झाल्या. मी अनेक ट्रस्टांची अंदाजपत्रके पाहिली आहेत. इतके विचारपूर्वक केलेले एकही आठवत नाही. फंडाचे दाजींनी आधी तीन भाग केले. एक भाग असा की, त्याला दोघांच्या हयातीत प्रवासासाठी हात लावायचा नाही. दुसरा दक्षिणेचा, तिसरा उत्तरेचा. शिधा घरी लागतो तेवढाच धरला, कारण पोट घरात असो की गाडीत, तेवढेच मागते. घर बंद असले तरी भाडे चालूच, म्हणून ते पहिल्या ओळीत. टायर, डागडुजी, औषध यांची निराळी तरतूद. दर महिन्याचे पैसे मी पुढच्या मुक्कामाच्या पोस्टात मनीऑर्डरने पाठवायचे, म्हणजे ना जवळ मोठी रक्कम राहील ना एका महिन्याची उधळण दुसऱ्या महिन्याला बाधेल. परतीचे पेट्रोल मात्र माझ्याकडे वेगळे ठेवलेले, आणि ते फक्त अक्काने मागितले तरच द्यायचे. ही शेवटची अट माझी. दाजींनी ती हसत मान्य केली.

एका ओळीवर मात्र आमचे भांडण झाले. ओळीत ‘पाहुणे’ असे लिहिले होते. मला वाटले, जागोजागच्या ओळखीपाळखीच्या लोकांकडे जेवण्याचा बेत आहे आणि तो फायदा दाजींनी जमेत धरला आहे. मी त्यांना सुनावले की दुसऱ्याच्या आदरातिथ्याचा असा हिशेब करणे सभ्य माणसाला शोभत नाही. त्यांनी कागद माझ्याकडे फिरवला. ओळ खर्चाच्या बाजूला होती. “घर घेऊन निघालोय, वकीलसाहेब,” ते म्हणाले. “घर म्हटलं की कुणीतरी येणार. चहा तरी द्यायला नको?”

दुसरी ओळ चालकाची. पगारी चालक ठेवला तर दक्षिणेचे पैसे अर्ध्यातच संपत होते. दाजींची नजर अधू, त्यांना परवाना मिळणे कठीण. त्यांनी ती ओळ खोडली आणि तेथे लिहिले, ‘सौ.ची शिकवणी’. मी मोटार कायदा पहिल्या कलमापासून शेवटच्या परिशिष्टापर्यंत वाचून काढला. नऊवारी नेसलेल्या प्रौढ बाईने पावाची गाडी चालवू नये, असे त्यात कोठेही लिहिलेले नव्हते. कायद्याने मला इतके निराश क्वचितच केले असेल.

शिकवणी दिली ती गाडी विकणाऱ्या पास्कलने. लालबागला त्याचे गॅरेज होते. माणूस जुन्या मुंबईचा, रविवारी चर्चनंतर थेट कामाला येणारा. हरताळाच्या दिवशी परळचे रस्ते मोकळे असत, म्हणून शिकवणीसाठी तो तेच दिवस निवडी. मी मागे पावाच्या फळ्या काढून केलेल्या जागेत जीव मुठीत धरून बसलेला. “बाय, क्लच हलू सोड,” पास्कल म्हणे. “तो काय तुझा नवरा हाय का, झटक्यात सोडायला?” एकदा गिरणीच्या फाटकापाशी कार्यकर्त्यांनी आम्हांला अडवले. हरताळ असता गाडी कशी काढली, असा त्यांचा रास्त सवाल होता. मी खाली उतरून घटनेतील संचारस्वातंत्र्यावर बोलू लागलो, तेवढ्यात अक्का खिडकीतून म्हणाली, “कुठं जात नाही रे बाबांनो. शिकतेय.”

“शिका की, मावशी. पण मग गाडी आपली दिसू द्या,” असे म्हणून त्यांतल्या एकाने गाडीच्या पाठीवर डांबराने ठसठशीत लिहिले: मुंबईसह संयुक्त महाराष्ट्र झालाच पाहिजे. पास्कलने रॉकेलने पुसून पाहिले. अक्षरे फिकट झाली, गेली नाहीत.

दसऱ्याला ती दोघे निघाली तीच ही घोषणा पाठीवर घेऊन, आणि सीमाभागाकडेच. माझा जीव टांगणीला. अक्काच्या पत्रांतून नंतर कळले की, सीमेपलीकडच्या एका गावी एक कन्नड शाळामास्तर ती अक्षरे वाचून तावातावाने वाद घालायला गाडीपाशी आला. त्याला मराठी उत्तम येत होते, वाद चांगला रंगला. दाजींनी त्याला आत बोलावले. कोणते गाव कोणाचे, यावर एकमत झाले नाही. कृष्णेला कोणती नदी कोठे मिळते, यावर झाले. मास्तर जेवून गेला आणि दुसऱ्या दिवशी बायकोला घेऊन आला. ‘पाहुणे या सदराचा या महिन्याचा पैसा संपला,’ अक्काने लिहिले होते, ‘हे फार खुशीत आहेत.’

अंदाजपत्रक फसले ते पेट्रोलात. दाजींनी शाळेच्या नकाशावर दोरा ठेवून अंतरे मोजली होती. घाटात रस्ता कसा वळसे घेत चढतो, हे जन्मभर मुलांना शिकवणाऱ्या या माणसाने पेट्रोल मात्र सपाट कागदावर मोजले. मी बेरजा तपासल्या होत्या, बेरजा बरोबरच होत्या. निलगिरीच्या चढणींनी पुढच्या महिन्याचे पेट्रोल गिळले, ठिकठिकाणच्या जकात नाक्यांनी उरलेसुरले खाल्ले. त्यातच दाजींना ताप भरला. आणि इकडे माझ्या हातात घरमालकाच्या वकिलाची नोटीस पडली: जागा दीर्घकाळ बंद, सबब ताबा द्यावा. मी सविस्तर उत्तर धाडले. ते पत्र लिहिताना मला जे समाधान लाभले ते येथे वर्णन करणे शिष्टाचाराला धरून होणार नाही. पण पत्राने मुदत लांबत नाही. माणसे परत यायला हवी होती, आणि ती देशाच्या दुसऱ्या टोकाला होती.

अक्काची तार आली. ह्यांना ताप, परतीचे पैसे पाठव, गाडी मीच आणते, एवढाच मजकूर. मी त्याच दिवशी पैसे पाठवले. पाडव्याला थोडे दिवस उरले असताना एका दुपारी मी चाळीच्या जिन्यात घरमालकाच्या गुमास्त्याशी हुज्जत घालत होतो. गल्लीत हॉर्न वाजला. धुळीने तांबडी झालेली पावाची गाडी आत शिरत होती. स्टिअरिंगवर अक्का, शेजारी शाल पांघरलेले दाजी. सगळी चाळ गॅलरीत आली. गुमास्ता म्हणाला, “बाई, जागा बंद होती ना?”

“बंद कुठं? ही काय किल्ली,” अक्का म्हणाली. कुलूप काढून तिने स्टोव्ह पेटवला. “या, चहा घेऊन जा. म्हणजे मालकांना सांगता येईल, जागा वापरात आहे.”

तो मुकाट्याने चहा प्याला. दाजींनी त्याला बिस्कीटही दिले. नोटिशीचे पुढे काही झाले नाही. खोली वाचली होती, आणि ती माझ्या पत्राने नव्हे तर चालकाच्या त्या खोडलेल्या ओळीने वाचली होती... मी हे दाजींना सांगितले. हे वाक्य मी त्यांच्या हयातीत बोललो, याबद्दल मी स्वतःवर प्रसन्न आहे.

पुढे महाराष्ट्र झाला, मुंबईसह झाला. मधले दसरे दाजींच्या दुखण्यात गेले, पण बरे होऊन त्यांनी ते पाहिले. शाळेतून जुना नकाशा मागून आणून नव्या राज्याची सीमा लाल पेन्सिलीने काढली, आणि लगेच उत्तरेच्या अंदाजपत्रकाला बसले. या खेपेस घाटांचे पेट्रोल वेगळे धरले, जकातीची ओळ घातली. पाहुण्यांची रक्कम वाढवली. दसरा यायचा होता, त्याआधी ते गेले.

तेराव्याला जमलेल्या नातेवाइकांचे मत एकमुखी होते: गाडी विकावी, उत्तरेचे पैसे ठेवीत गुंतवावे. कायद्याने, व्यवहाराने त्यात खोट काढता येत नव्हती. अक्का ऐकत राहिली. सगळे गेल्यावर म्हणाली, “बंडू, मी दसऱ्याला निघणार. ह्यांनी हात लावायचा नाही म्हणून ठेवलेले पैसे आहेत तसे आहेत, खोली आहे. पाडव्याच्या आत परत येईन. गाडीत माझ्या शेजारची जागा रिकामी आहे.” मी विचार करून सांगतो म्हणालो. या वयात गाडीच्या पोटात झोपणे मला जमणार नाही, असेही म्हणालो.

काल अक्का गाडी पास्कलला दाखवायला लालबागला निघाली, आणि मी सोबत गेलो. चिंचपोकळीच्या पुलावर चढताच तिने वेग अगदी कमी केला, आणि मध्यावर गाडी जवळजवळ थांबवली. मी विचारले, “बिघडली काय?”

“नाही रे. पूल आला की हे हळू घ्यायला लावायचे. खाली कुठलं पाणी आहे, ते बघायचं असायचं त्यांना. ओढा असला तरी.”

“अक्का, खाली रेल्वेचे रूळ आहेत.”

“माहीत आहे मला,” ती म्हणाली, आणि तरीही कठड्यापलीकडे पाहत राहिली. मागे एक लॉरी जोरजोराने हॉर्न वाजवू लागली. भर पुलावर वाहतूक अडवणे हा गुन्हा आहे, आणि शेजारी बसलेल्या प्रवाशाने हाताने खुणा कराव्यात अशी तरतूद कोणत्याही नियमात नाही. मी खिडकीतून डावा हात बाहेर काढला आणि लॉरीवाल्याला थांबायची खूण केली... अक्काचे पाहून होईपर्यंत तो हात मी तसाच धरून ठेवला.