यकृत उजवीकडे

बाई गेल्या. शोकसभेत एकामागून एक माणसं उठून त्यांना ‘क्षमाशील’ म्हणाली. मी मागच्या खुर्चीवर गप्प बसून होतो. सभेत बोलणं मला कधीच जमलं नाही. पण घरी आल्यावर चैन पडेना, म्हणून हे लिहितो. बाईंमध्ये पुष्कळ गुण होते. क्षमा हा त्यांतला नव्हता.

त्या सातवीला विज्ञान शिकवायच्या आणि मी त्याच शाळेत चित्रकला. त्यांचे हृदयाचे, फुप्फुसांचे तक्ते मीच रंगवून द्यायचो, म्हणून त्या मला ‘रंगारी’ म्हणत. मुलं त्यांना ‘चावबाई’ म्हणत. पचनाचा धडा सुरू झाला की बाई घरून पाव आणत, प्रत्येकाच्या हातावर तुकडा ठेवत आणि बजावत, “नुसतं चावा. गिळलात तर बघा!” पोरं चावत बसायची. बऱ्याच वेळाने कुणीतरी भरल्या तोंडाने ओरडायचं, “बाई, गोड लागतंय!” तेव्हा बाईंचा चेहरा असा फुलायचा, जणू साखर त्यांनीच शोधून काढली.

वर्गाच्या कोपऱ्यात टेबलावर एक प्लॅस्टरचा पुतळा होता. डोकं आणि धड होतं, हात नव्हते. पोटाचं झाकण काढलं की आतले अवयव सुटे करता यायचे. बाई रोज स्वतःच्या रुमालाने त्याची धूळ पुसत. बाईंचं लग्न झालेलं नव्हतं, तेव्हा शिक्षकांच्या खोलीत त्या पुतळ्याला ‘यजमान’ म्हणायची पद्धत पडली होती. बाईंच्या तोंडावर मात्र कुणी म्हणत नसे.

पुतळ्याच्या यकृताची खुंटी कधीच मोडली होती. नवा पुतळा मागून मागून बाई थकल्या आणि शेवटी त्यांनी आगपेटीची काडी तासून तिथे बसवली. काडी घातली की यकृत टिकायचं, नाहीतर धपकन खाली.

मग हेडमास्तरांचा पुतण्या नोकरीला लागला. त्याला तास हवे होते. हेडमास्तरांनी भर सभेत जाहीर केलं, “बाई वर्गात मुलांना खायला घालतात, हे शिस्तीत बसत नाही. सातवीचं विज्ञान आता आमचे नवे सर घेतील. बाईंनी शिवणकाम बघावं.”

बाई उभ्या राहिल्या. “सर, पचन संपवू द्या. पोरं अजून लहान आतड्यातच आहेत.”

“काळजी नको बाई,” हेडमास्तर हसत म्हणाले, “तुमच्या यजमानांना पुतण्या नीट सांभाळेल.”

सगळे हसले. अगदी पोट धरून हसले. बाई एकेका चेहऱ्याकडे सावकाश बघत राहिल्या. मग खाली बसल्या आणि मला हळूच म्हणाल्या, “रंगारी, हे हसू मी परत करणार. व्याजासकट.”

त्याच दुपारी त्या वर्गात गेल्या, यकृताखालची काडी काढली आणि पर्समध्ये टाकली. मी म्हटलं, “बाई, हे बरं दिसतं का?”

“यकृत शाळेचं आहे. काडी माझी.”

तपासणीचा दिवस आला. तपासनीस बाई सातवीच्या वर्गात मागच्या बाकावर बसल्या. हेडमास्तर शेजारी, पुतण्या फळ्यापाशी. चावबाई शिवणकामाची टोपली घेऊन व्हरांड्यात दाराशी उभ्या, आणि त्यांच्या मागे मी.

पुतण्याने झोकात झाकण उघडलं. जठर काढलं, आतडी काढली, यकृत काढलं. नावं पाठ होती. परत लावताना यकृत घसरून टेबलावर आपटलं. पोरं फिसकन हसली. त्याने पुन्हा लावलं, पुन्हा पडलं. कानाच्या पाळ्यांपर्यंत लाल झाला बिचारा. पुस्तकात ‘यकृत उजवीकडे’ एवढं त्याने वाचलेलं. पुतळ्याच्या समोर उभा राहून त्याने स्वतःची उजवी बाजू धरली, जठराच्या उरावर यकृत दाबून कोंबलं आणि वरून झाकण लावलं.

“हे यकृत कुठे बसवलंत?” तपासनीस बाईंनी विचारलं.

“उजवीकडे, मॅडम.”

“कोणाच्या?”

पुतण्या काकांकडे बघू लागला. काका छताकडे.

पुढच्या बाकावरची एक मुलगी उभी राहिली. “मॅडम, सर समोरून बघतायत. आमच्या बाई आधी पुतळ्याच्या मागे उभं करायच्या, म्हणजे त्याचा उजवा तो आपला उजवा. आणि त्याला काडी लागते.”

“कसली काडी?”

मुलीने दाराकडे बोट दाखवलं. चावबाई आत आल्या, पर्स उघडली आणि काडी टेबलावर ठेवली.

“तुम्ही काढून नेलीत?”

“हो. सरांनी माझा वर्ग काढून घेतला. मी माझी काडी काढून घेतली.”

तपासनीस बाईंना हसू आवरेना. पुढच्या आठवड्यात सातवीचं विज्ञान परत बाईंकडे आलं आणि पुतण्या शिवणकामाला लागला. दुसरी कुणी असती तर इथे थांबली असती.

हेडमास्तरांची खोली सातवीच्या भिंतीला लागून होती. त्या दिवसापासून बाईंचा प्रत्येक तास एकाच प्रश्नाने सुरू झाला. धडा डोळ्यांचा असो नाहीतर हाडांचा.

“यकृत कुठे?”

“उजवीकडे!” अख्खा वर्ग गरजायचा.

“कोणाच्या?”

“ज्याचं त्याच्या!”

पलीकडे हेडमास्तरांची खुर्ची करकरायची. वर्षं गेली, वर्ग बदलले, आरोळी तीच. मी एकदा म्हटलं, “बाई, आता पुरे.” त्या म्हणाल्या, “ते हसले तेव्हा कुणी पुरे म्हटलं होतं?” हसणाऱ्यांत मी नव्हतो, पण पुरेही म्हटलं नव्हतं.

हेडमास्तर निवृत्त झाले आणि काही महिन्यांनी त्यांना कावीळ झाली. बाई मला घेऊन भेटायला गेल्या. मला वाटलं, चला, मिटलं एकदाचं. हेडमास्तर पलंगावर, डोळे हळदीसारखे पिवळे. बाईंनी खुर्ची पलंगाजवळ ओढली.

“कुठे दुखतंय, सर?”

त्यांनी बरगड्यांखाली हात ठेवला.

“म्हणजे कुठल्या बाजूला?”

हेडमास्तरांनी डोळे मिटले. “उजवीकडे.”

“कोणाच्या?”

मी खिडकीबाहेर बघत होतो.

“माझ्या,” ते म्हणाले.

“शाब्बास.” मग बाईंनी त्यांना अख्खा धडा शिकवला. पित्त कसं तयार होतं, तेलकट का सोडायचं, घास किती चावायचा. मध्येच त्यांनी पर्समधून पावाचा तुकडा काढला आणि त्यांच्या हातावर ठेवला. “चावा. गिळलात तर बघा!” पलंगावरून उठता येत नसलेला तो माणूस मुकाट चावत राहिला. शेवटी पुटपुटला, “गोड लागतंय.”

बाईंचा चेहरा फुलला नाही.

जिना उतरताना मी म्हटलं, “झालं ना आता, बाई? फिटलं?”

त्या कठड्याला धरून पुढची पायरी उतरल्या.

“छे हो रंगारी. अजून मूत्रपिंडं राहिलीत.”