मिशा बघून केलेला नवरा

नवरा करताना लोक घरदार बघतात, शेत बघतात, निदान विहिरीला पाणी किती ते तरी बघतात. माझ्या मामांनी फक्त मिशा बघितल्या. हसू नका. त्या साली विहिरीत बघण्यासारखं काही नव्हतंच.

दुष्काळाचं साल. पहिला नवरा लग्नानंतर वर्षाच्या आतच तापानं गेला आणि मी मामांकडं परत आले होते. बेंबळीच्या रस्त्यावर दुष्काळी काम निघालं होतं. सगळं गाव खडी फोडायला जायचं, तशी मीही जायचे. तिथला मुकादम बाकीच्या बायांना नुसतं "ए" म्हणायचा, मला मात्र "इकडं सावलीत ये की" म्हणायचा. सावली कुठं, तर त्याच्या तंबूत. एक दिवस मेल्यानं माझा हात धरला. मी डोक्यावरचं टोपलं त्याच्या पायावर सोडलं आणि पळाले. टोपलं खडीनं भरलेलं होतं, एवढंच समाधान.

मामा गावच्या सोसायटीचे चेअरमन होते. पण मुकादमाशी उघड भांडण काढलं असतं तर त्यानं सगळ्या गावाची हजेरी बंद केली असती, आणि गावच्या चुली त्या हजेरीवरच पेटत होत्या. मामी म्हणाली, "एकटी हाय म्हणून हात लावतोय मुडदा. नवरा शेजारी हुबा असला तर लावंल का?" मामांना ते पटलं.

त्याच सुमाराला येरमाळ्याकडचा एक मेंढका आमच्या गावात येऊन टेकला होता. आमच्याच जातीतला. चाऱ्यावाचून मेंढरं गेली होती, उरला होता एक एडका. परगावचा म्हणून त्याला कामावर कुणी घेईना. माणूस असा उंच की आमच्या दारातून वाकून यायचा. मिशा कानाला टेकलेल्या, हातात काठी. मामांनी त्याला बघितलं आणि लगेच सभा बोलावली.

सोसायटी निघाल्यापासून मामांना सभेचं वेड लागलं होतं. घरात पिठलं करायचं का आमटी, याचासुद्धा ठराव व्हायचा. आताही ते पटका सावरून उभे राहिले. "ठराव असा, की ह्या पाव्हण्यानं आमच्या भाचीसंगं पाट लावावा. म्हणजी ती नवरेवाली झाली, आन् ह्यो गावचा जावई झाला, म्हणजी ह्याला हजेरी. पाऊस पडला की काडीमोड. ह्यानं ह्याच्या वाटंनं जावं. अनुमोदन?"

मामीनं अनुमोदन दिलं. माझ्या अंगाची आग झाली. "आन् माझं मत?"

"तू विषय हाईस, सभासद न्हाईस," मामा म्हणाले.

काडीमोड म्हणजे आमच्यात खरोखरच काडी मोडायची. पंचासमोर नवरा-बायकोनं काडीची दोन टोकं धरायची आणि ओढायची. दोन तुकडे झाले की दोघं मोकळे. मुकादमाचा तो हात आठवला आणि मी म्हटलं, चला, पावसापुरता तर पावसापुरता. पाट लागला. तो ओसरीवर एडक्याजवळ झोपायचा, मी आत. मला "अवं बाई" म्हणायचा. माझ्या वाट्याला आलेला हा रक्षणकर्ता कसा आहे, ते मला पहिल्याच आठवड्यात कळलं.

अगं बाई, काय भित्रा माणूस! बाहेर जरा कुठं खुट्ट झालं की दार वाजवायचा. "अवं बाई, बाहीर कोन तरी हाय." मग मी त्याचीच काठी घेऊन बाहेर जायचे आणि हा माझ्या मागं. बहुतेक वेळा मांजर असायचं. एकदा तर त्याचा स्वतःचाच एडका होता.

कामावर मुकादमानं आधी त्या मिशांचा अंदाज घेतला. दोन-तीन दिवस गप्प राहिला. मग एके दिवशी सगळ्यांसमोर आला आणि नवऱ्याला म्हणाला, "तू त्या लांबच्या टप्प्यावर जा. बायकू हितं तंबूत पानी भरंल." मी नवऱ्याकडं बघितलं. तो जागेवर नव्हता. माझ्या पाठीमागं टोपलं धरून उभा होता, आणि मिशा थरथरत होत्या.

"अवं, कायतरी बोला की!" मी ओरडले.

घाबरून त्यानं त्याला येणारा एकच आवाज काढला, मेंढरं हाकायचा. "हुर्र्र... हाऽ!"

मुकादम नेमका त्याच वेळी रस्त्याची आखणी बघायला खाली वाकला होता, आणि त्या दिवशी एडकाही आमच्या मागं मागं कामावर आलेला. आता एडक्यापुढं वाकू नये हे आमच्याकडं पोरासोरांनाही कळतं, पण हा पडला शहरातला. एडका मातीच्या ढिगावरून जो सुटला, त्यानं मुकादमाला मागून असा ठोसा दिला की मुकादम आखणीच्या चुन्याच्या फक्कीत तोंडावर पडला. उठला तेव्हा पांढराफेक. बाया पदर तोंडात कोंबून हसत होत्या, आणि आता एडक्यानं पाडलं म्हणून साहेबाकडं तक्रार तरी कशी करायची? त्यानंतर एडका रोज कामावर यायला लागला आणि मुकादम आमच्याकडं फिरकेनासा झाला.

त्या दिवशी घरी येताना नवरा म्हणाला, "म्या भ्यालो व्हतो."

"दिसलं की."

"समदी मेंढरं गेली, पर ह्याला इकला न्हाय. ह्यो भीत न्हाय ना. मला तेवढाच आधार."

कुठला पुरुष असं तोंडानं सांगतो? मला हसू आलं, आणि राग येईना, याचाच राग आला. दुसऱ्या दिवशी त्यानं चार काठ्या रोवून माझ्या खडीच्या ढिगावर स्वतःचं घोंगडं ताणलं. सावली झाली. "अवं बाई, सावलीला या," म्हणाला. स्वतः दिवसभर उन्हात फोडत बसला. सावलीला ये म्हणून मला आजवर दोघांनी सांगितलं होतं. पण हा सांगून लांब जाऊन बसला. त्या दुपारी मला तो आवडायला लागला. लपवायचं काय त्यात?

पुढं पाऊस आला. सगळ्यांकडं येतो तसाच आला. मला मात्र तो बघून रडू फुटलं. कारण ठरावाप्रमाणं आता हा जाणार होता, आणि पलीकडं पाझर तलावाचं काम निघणार होतं, त्यावर मुकादम तोच. पण ते खरं सांगायचं तर निमित्त. मुकादमाला मी एकटीनं पुरून उरले असते. मला हा हवा होता, आणि ते सांगायला माझी जीभ रेटेना. मग मी काय केलं? भांडी आपटली. मामीशी भांडले. एडक्याशीसुद्धा भांडले.

हिरवं चांगलं वाढलं तेव्हा मामांनी सभा लावली. "ठरावाप्रमाणं काडीमोड. काडी आना."

घरात काडी कुठली? कडबा केव्हाच संपला होता, छपराचं गवतसुद्धा बैलांनी खाल्लं होतं. "म्या आनतो," नवरा म्हणाला आणि लगबगीनं बाहेर पडला. लगबगीनं! माझ्या अंगाचा तिळपापड झाला. जा म्हटलं, एवढी घाई असंल तर जा.

तो बऱ्याच वेळानं आला. हातात ओली हिरवी अंबाडी. मामांनी एक टोक त्याच्या हातात दिलं, एक माझ्या. "वढा."

ओढली. वाकली. पिळली. आतून कट् झालं, पण साल तुटेना. अंबाडीच्या सालीचा वाख, दोरखंडं वळतात त्याची, ती काय हातानं तुटणार? मामांनी स्वतः हिसडा दिला, गुडघ्यावर घेतली, शेवटी दातात धरली. पटका खाली पडला. मामी भिंतीकडं तोंड करून हसायला लागली.

"मेंढका हाईस आन् तुला अंबाडी कळंना व्हय रं?" मामा धापा टाकत म्हणाले. "जा, दुसरी काडी आन!"

त्या भित्र्या माणसानं दाराबाहेरच्या एडक्याकडं एकदा बघून घेतलं. मला दिसलं. मग तो मामांच्या डोळ्याला डोळा देऊन म्हणाला, "आनतो की मामा. सांगाल तितक्या बारी आनतो. पर अंबाडीचीच आनीन."

मी माझ्या हातातलं टोक घट्ट धरून ठेवलं. त्यानंही त्याचं सोडलं नव्हतं.

मामांनी पटका उचलून झटकला. "काडीअभावी सभा तहकूब," म्हणाले आणि चहा मागितला.

पुढं एडका गेला. मामा गेले, मामी गेली. मागच्या उन्हाळ्यात हेही गेले. ती सभा अजून तहकूबच आहे.