चैत्रातला ऐन

‘माहेर’ हा शब्द लंकाबाईच्या तोंडून निघाला की घरातल्यांना एकदम कामं आठवायची. सून गोठ्यात जायची. मुलगा महेश फोन कानाला लावायचा, मग पलीकडे कुणी असो नसो. त्यांचंही काही चुकत नव्हतं. एकच गोष्ट माणसानं किती वर्षं ऐकायची? घोटीपलीकडचं भाताचं गाव, खाचराच्या बांधावर ऐनाचं मोठं झाड, आवणीच्या दिवसांत लावणी करणाऱ्या बाया त्याच्याखाली भाकरी खायला बसायच्या आणि पाऊस कितीही असो, आईच्या मांडीवर एक थेंब पडायचा नाही. हे शेवटचं तर कुणालाच खरं वाटत नसे.

सासर चांदवडचं. तिथं तिला काही कमी नव्हतं. विहीर होती, कांदाचाळ होती, नातवंडं होती. झाड म्हणाल तर बांधावर एक बाभूळ, तीही शेळ्यांनी ओरबाडलेली.

म्हणून, शेतात देशी झाडं लावायला सरकार पैसे देतंय, खड्ड्यांचे, रोपांचे आणि पुढं तीन वर्षं झाडं जगवण्याचे, असं ग्रामसभेत कळलं तेव्हा महेशनं आंबा आणि चिंच सांगितली. मागच्या बायांतून लंकाबाई उठली आणि म्हणाली, “ऐन लिहा.”

कृषी सहायक हसला. “आजी, ऐन इकडं कोण लावतं? ना फळ, ना काय.”

“मी लावते.”

रोपं आली, पावसात लागली. पाऊस संपल्यावर लंकाबाई स्वतः कळशीनं पाणी घालू लागली. आईनं आपल्याला लहानपणी एवढं दूध पाजलं नसेल, अशी महेश थट्टा करायचा. ती ऐकून न ऐकल्यासारखं करायची, पण मनातून सुखावायची.

फाल्गुनात उन्हाळ कांद्याची काढणी सुरू झाली आणि ऐनाची पानं पिवळी पडायला लागली. तिनं पाणी वाढवलं. पानं गळली. शेणखत घातलं. उरलेलीही गळली. चैत्र लागला तेव्हा बांधावर नुसत्या काड्या उभ्या होत्या. शेजारचा चिमाजी जाता जाता बोलला, “गेली, वहिनी, झाडं. आपल्या मातीत नाय लागायची ती.”

“सरकारी साहेब झाडं बघायला येणार हायेत,” महेश म्हणाला, “तवर राहू दे आई.”

पण तिला ते रोज बघवेना. सगळे कांद्यात गुंतलेले असताना ती एकटी बांधावर गेली आणि सगळी रोपं उपटून टाकली. मुळं सुटत नव्हती, दोन्ही हातांनी ओढावं लागलं. मेलेलं झाड माती एवढी घट्ट कसं धरतं, असं तिच्या मनात आलं, पण रडण्याच्या भरात ते तिथंच राहिलं.

संध्याकाळी तिनं धाकट्या भावाला, पुंजाला फोन केला. त्यानं सगळं ऐकून घेतलं आणि हळूच विचारलं, “ताई, या दिवसांत ऐनाला पानं असतात का गं कधी? पार उघडा पडतो तो. वैशाखात फुटतो परत.”

लंकाबाईनं फोन खाली ठेवला. त्या झाडाखाली ती वाढली होती. लहानपणी तो उघडा पाहिलाही असेल, पण ते कधीच पुसलं गेलं होतं; लग्नानंतर माहेरी जाणं व्हायचं ते आवणीला, नाहीतर दिवाळीला. फाल्गुन-चैत्र म्हणजे कांदा काढणीचा. त्या दिवसांत चांदवडची सून माहेराचं नाव काढत नाही आणि काढलं तरी तिला कुणी पाठवत नाही. पंचेचाळीस वर्षांत एकदाही नाही. तिच्या मनातलं माहेर तेवढं हिरवंच राहिलं. ज्याच्यासाठी जन्मभर झुरली, ते दारात येऊन उभं राहिलं तर तिनंच ते ओळखलं नाही, आणि याचा राग काढायचा तरी कुणावर?

दुसऱ्या दिवशी काढलेला कांदा शेतात तसाच टाकून ती निघाली. “बी घेऊन येते,” एवढंच म्हणाली. महेशनं अडवलं नाही. एसटीत बसवून दिलं आणि पाण्याची बाटली तिच्या पिशवीत ठेवली.

घोटीला पुंजा घ्यायला आला होता. खाचरं वाळून त्यांना भेगा पडल्या होत्या. बांधावर एक मोठं उघडं झाड होतं.

“हे कंचं रं?” तिनं विचारलं.

पुंजा तिच्याकडं बघतच राहिला. “ताई, ह्योच आपला ऐन.”

सालीच्या खरबरीत चौकटी हाताला लागल्या तेव्हा कुठं तिला पटलं. खाली पंखांची वाळकी फळं पडली होती. ती वाकून पदरात वेचू लागली.

“आई चैत्रात इथंच येऊन बसायची,” पुंजा म्हणाला. “मी म्हणायचो, उन्हात काय बसती? तर म्हणायची, बरं झालं लंका या दिवसांत येत नाय, तिला बसवायला सावलीबी नाय. असं म्हणायची आन् रस्त्याकडं बघत राहायची.”

लंकाबाईचे हात थांबले. ऊन चटका देत होतं. पुंजा दोनदा म्हणाला, घरी चल. ती उघड्या ऐनाखाली बसून राहिली, रस्त्याकडं तोंड करून.