जहाजाच्या बरगड्या

जहाजाचा साचा स्पार्क मशीनवरून उतरून माझ्या टेबलावर आला. मी त्याच्या बाजूवरून बोट फिरवलं आणि तोंड वाकडं केलं. सगळीकडे बारीक लाटा. डोळ्याला जेमतेम दिसतील, पण माझ्या बोटाला लागत होत्या.

मी पॉलिशवाला. वितळलेलं प्लास्टिक पोलादाच्या साच्यात दाबून वस्तू होते. साचा जेवढा साफ, तेवढा माल साफ. स्पार्क मशीन पोलाद जाळून आकार काढतं, मागे खरखर राहते. ती दगडाने आणि डायमंड पेस्टने घासून काढायची, हे माझं काम. शाळा चौथीत सुटली. पण हाटकेशच्या कारखान्यांच्या गाळ्यांमध्ये बादली, डबा, टब, कशाचाही साचा असो, पॉलिशला म्हात्रेकाकाच लागायचे. हे मी नाही, लोक सांगतात.

आमच्या जिग्नेशशेठने या वेळी वेगळंच काम काढलं होतं. लढाऊ जहाजाचं किट. किट म्हणजे सुटे भाग. घेणारा घरी बसून ते चिकटवतो, रंगवतो. रणगाडे, जहाजं, तोफगाड्या, असली नवी नवी किटं बाहेरून येतात आणि चांगली मोठी माणसं त्यांची वाट बघत बसतात, हे मला तेव्हा कळलं. शेठचं हे स्वतःचं पहिलंच. बॉक्स छापून आले होते, बाजारात यायची तारीख जाहीर झाली होती.

डिझाइन सायली सुर्वेचं. तिचे वडील याच जहाजावर इंजिनरूममध्ये होते. जहाज केव्हाच भंगारात तुटलं. घरातले जुने फोटो मोजून मोजून तिने ते कॉम्प्युटरवर उभं केलं होतं.

“काका, डेक पॉलिश करा,” ती म्हणाली. “साइडला हात नका लावू. ते मुद्दाम ठेवलंय.”

खराब काम झाकायला ‘डिझाइन आहे’ म्हणणारे मी जन्मभर बघितलेत. मी हो म्हटलं नाही, नाही पण म्हटलं नाही. मुद्दाम म्हणजे का, एवढं विचारलं असतं तर काय बिघडलं असतं? पण काल आलेल्या पोरीला मी विचारायचं? डेक झाल्यावर बाजूही घेतली. सुट्टीच्या दिवशी येऊन घासली. पार आरसा केला.

ट्रायल शॉट म्हणजे साच्यातून निघालेला पहिला नमुना. तो बघायला सायलीने वडिलांना बोलावलं होतं. बेव्हर्ली पार्कहून रिक्षाने आले, इस्त्रीचा शर्ट घालून. सायलीने नमुना हातात घेतला, उजेडात वळवला आणि तिचा चेहरा उतरला.

“साइड कोणी घासली?”

“स्पार्कवाल्याने घाण ठेवलेली,” मी म्हटलं. “मी साफ केली. न्हायतर माल रिजेक्ट झाला असता.”

तिने मोबाइलवर फोटो दाखवला. जहाज वर्षानुवर्षं लाटांचा मार खातं, तसा त्याचा पत्रा आतल्या लोखंडी बरगड्यांच्या मधे दबत जातो. भुकेल्या बैलासारख्या बरगड्या बाहेरून मोजता येतात. तेच तिने साच्यात आणलं होतं. मला फोटोत सगळं दिसलं. तरी मी म्हटलं, “फोटो खराब हाय.” स्पार्कवाला परवेझ मागेच उभा होता.

सुर्वेंनी बाजूवरून अंगठा फिरवला. पुन्हा फिरवला.

“छान आहे,” ते म्हणाले. “एवढी नवी तर मी चढलो तेव्हाही नव्हती आमची बोट.”

त्यात टोमणा नव्हता. शिवी दिली असती तर मी उलट बोललो असतो.

शेठने मला बाजूला घेऊन विचारलं, “काका, फिरसे हो सकता है?” पण घासलेलं पोलाद परत येत नाही. बाजूचा तुकडा नवा करायचा तर तारीख जाणार. शेठने तारीख धरली. किट तसंच निघालं.

मग कोणा शौकिनाने व्हिडिओत ते उघडून दाखवलं. चहाच्या वेळी परवेझने लावला. तोफांची, रडारची तारीफ झाली. बाजू आली तसा तो माणूस हसला. “साइड देखो भाई, एकदम बाल्टी.” परवेझने पटकन आवाज बंद केला. माझ्यासाठी. ते जास्त लागलं.

त्याच रविवारी मी सुर्वेंकडे गेलो. काय बोलायचं ते जिन्यात ठरवलं होतं, दारात विसरलो. टेबलावर जहाजाची बाजू होती आणि ते स्वतः ब्लेडने खरवडत बसले होते. ब्लेड सारखं घसरत होतं.

“बसा, म्हात्रे,” ते म्हणाले. “हात तुमचा चांगला आहे. जागा मी सांगतो.”

दगड माझ्या खिशात असतोच. मी प्रत्येक बरगडीला विचारत गेलो, “इथे?” ते सांगत, जरा पुढे. इथे धक्क्याला लागली होती, इथे जास्त दाबा. जन्मात कोणाला एवढं विचारलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी गाळ्यात, सगळ्यांसमोर, परवेझला सांगितलं की त्याने घाण ठेवली नव्हती.

“मालूम है, चाचा,” तो म्हणाला आणि मशीनकडे वळला.

गुळगुळीत म्हणजे बरोबर, हे बादलीपुरतं खरं. सुर्वेंच्या कपाटातल्या एका जहाजाला बरगड्या आहेत. बाकी सगळ्या बॉक्समध्ये माझी बादली आहे.