चिंचेनं घासलेलं झाकण

मी लॅबमध्ये जुन्या धातूच्या वस्तू तपासते; आज तिथं जे झालं, ते आधी इथं लिहून मोकळी होते.

रामटेककडच्या शांताकाकूंना शेतात काशाचं छोटं झाकण सापडलं, वर चिमुकला पक्षी. काल त्यांनी फोटो पाठवला, तर हिरव्या गंजात चक्क कापडाची वीण उमटलेली! हजारो वर्षांपूर्वी कुणीतरी ते कापडात गुंडाळून पुरलं होतं. "उद्या लॅबमध्ये घेऊनच या," मी म्हटलं.

आज काकूंनी पिशवीतून झाकण काढलं. सोन्यासारखं लखलखीत! मी किंचाळलेच.

"काहून ओरडून राहिल्या मॅडम? चिंच न् राख लावून घासलं. असं मळकं भांडं कोणाकडे नेते का कोणी?"

मशीननं तांबं किती, कथील किती, सगळं सांगितलं. वीण मात्र गेली ती गेलीच.

रागावू तरी कुणावर? आपल्या घरची समई आपण अशीच घासतो ना? खरं सांगा, तुम्ही तरी ते तसंच हिरवं नेलं असतं का?

मग मी काकूंना फोटो मोठा करून ती वीण दाखवली. त्यांनी स्क्रीनवर त्या विणीवरून बोट फिरवलं.

"कोणाचं लुगडं होतं मॅडम हे?"

तेच तर त्या गंजाला विचारायचं होतं.