लाल टॅग लावलेली खुर्ची

खुर्ची सगळ्यांसमोर ठेवली होती. माझी खुर्ची. तिच्या पाठीला लाल टॅग अडकवला होता.

चाकणच्या ज्या कारखान्यात मी गाड्यांचे सुटे भाग तपासते, तिथे एक पद्धत आहे. कामाच्या जागी मोडकं, अस्वच्छ, नको असलेलं काही सापडलं की त्याला लाल टॅग लावायचा. दुसऱ्या दिवशी शिफ्ट सुरू होताना सगळ्यांनी बोर्डासमोर उभं राहायचं आणि आदल्या दिवसाचे टॅग मोठ्याने वाचायचे. एरवी गळका पाइप असतो, घासलेला पाना असतो. त्या दिवशी खुर्ची होती.

आमच्या लाइनच्या साहेबांनी वाचलं, "वस्तू, खुर्ची. दोष, सीटवर डाग. निर्णय, स्क्रॅप." मग वर पाहून विचारलं, "कोणाची आहे ही?"

सगळ्यांना माहीत होतं. त्यांनाही माहीत होतं. मागून कोणीतरी म्हणालं, "सॉस सांडला का काय राव, समोशाबरोबर?" हसू फुटलं. बायकांच्या रांगेतल्याही एक-दोघी हसल्या. मी बुटांकडे बघत होते.

"माझी," मी म्हणाले.

"मोठ्याने."

"माझी आहे, सर."

"मॅडम, तुम्ही सीनियर आहात. घरच्या गोष्टी घरी ठेवून यायच्या."

मी म्हणाले, "सॉरी, सर."

हे लिहायला सगळ्यात जड जातं. डाग पडला याची लाज वाटली, ती वाटलीच. पण मी माफी मागितली, त्याची लाज आज जास्त वाटते.

आदल्या दिवशी काय झालं ते सांगते. माझ्या टेबलावरून रिलीव्हर, म्हणजे बदली माणूस, आल्याशिवाय उठता येत नाही. तपासणी थांबली की मागची लाइन थांबते. दहा वाजून चाळीस मिनिटांनी मी पहिल्यांदा हात वर केला. साहेब म्हणाले, "दहा मिनिटं थांबा." अकराला पुन्हा हात वर केला. "मॅडम, लॉट निघू द्या की." साडेअकरापर्यंत कोणी आलं नाही. मी पाय घट्ट जुळवून बसले होते आणि भाग तपासत होते. एकही रीडिंग चुकलं नाही. याचा मला त्या क्षणी अभिमान वाटत होता, इतकी मी मूर्ख.

माझं वय अठ्ठेचाळीस. दोन वर्षं पाळी बेभरवशाची झाली होती. अंगातून वाफा निघायच्या. वाचायला घेतलेलं पान तीनतीनदा वाचावं लागायचं, आणि पुस्तक हेच माझं एकमेव व्यसन. मायक्रोमीटरवरचा आकडा कागदावर उतरवेपर्यंत डोक्यातून जाऊ लागला, तेव्हा मी डॉक्टरबाईंकडे गेले. त्यांनी सोनोग्राफी केली, गर्भाशयाच्या अस्तराचा तुकडा तपासायला पाठवला. सगळं ठीक निघाल्यावर हार्मोनचं औषध सुरू केलं. रोज हाताला लावायचं जेल आणि महिन्यातले ठरावीक बारा दिवस गोळ्या. त्या थांबल्या की रक्तस्राव होणार. "डोस बसेपर्यंत मधूनच जाईल, कमीजास्त होईल," त्या म्हणाल्या. "रोजची नोंद ठेवा. मनाने गोळ्या थांबवू नका आणि वाढवूही नका."

मी वाढवल्या.

गौरी आल्या होत्या. चऱ्होलीला थोरल्या जाऊबाईंकडे आमच्या घराच्या गौरी बसतात. माझ्या गोळ्यांचे बारा दिवस नेमके आवाहनाच्या आदल्या दिवशी संपत होते. जाऊबाईंना ते कळलं, कारण मी चौकशी केली होती की यंदा मी नाही आले तर चालेल का. त्या म्हणाल्या, "अगं, गौरीत कसली अडचण आणतीस? गोळ्या हायत ना तुझ्याकडं? घे की आणखी पाच-सहा. आमी न्हाई का ढकलायचो पुढं?"

आमच्याकडे सणाला पाळी पुढे ढकलणं म्हणजे पुरणाची डाळ आदल्या रात्री भिजत घालण्याइतकं साधं. पण माझ्या गोळ्या त्यासाठी नव्हत्या, हे मला कळत होतं. मी बीएस्सी झाले आहे. तरी घेतल्या. नऊ दिवस जास्त. नैवेद्याच्या ताटांपाशी हसत उभी राहिले. मग थांबवल्या, आणि चौथ्या दिवशी त्या खुर्चीत सगळं एकदम आलं.

नोंदवहीत मी त्या नऊ दिवसांपुढे लिहिलं होतं, 'गोळी नाही'. नोकरीच्या एकोणीस वर्षांत मी एक रीडिंग खोटं लिहिलेलं नाही. स्वतःच्या शरीराचं लिहिलं.

मीटिंग संपल्यावर सफाईचं काम करणारी शकुंतला माझ्याजवळ आली. ती चाकण गावातलीच. हळू आवाजात म्हणाली, "बाई, रडू नगा. साहेबांना काय आईनं पार्सल मागवलं व्हतं व्हय?" मला हसू आलं. मग संडासात जाऊन मी रडले.

त्या संध्याकाळी वही घेऊन डॉक्टरबाईंकडे गेले. त्यांनी वही वाचली, कपाळाला आठ्या घातल्या. "गोळ्या बरोबर घेऊन इतकं गेलं असेल तर डोस बदलावा लागेल. आणि अस्तर पुन्हा तपासावं लागेल. काही चुकलं का घेण्यात?"

"नाही," मी म्हणाले.

आणि मला ताई आठवली.

माझी थोरली बहीण काळेवाडीला राहायची. गेल्या वर्षी गेली. पाळी थांबून सहा वर्षं झाल्यावर तिला पुन्हा रक्त दिसू लागलं होतं. तिने वर्षभर कोणाला सांगितलं नाही. मला विचारायची, "बरी आहेस ना गं?" मी तिला विचारलं की म्हणायची, "मला काय होतंय." कपडे गुपचूप धुवायची आणि आतल्या दोरीवर वाळत घालायची. दवाखान्यात नेलं तेव्हा गाठ पसरली होती. तिथेही डॉक्टरांनी विचारलं, किती दिवसांपासून? ती म्हणाली, "आत्ताच, आठ दिवस." मी शेजारी होते. मला खरं वाटलं. तिच्या दिवसकार्यानंतर दुसऱ्याच दिवशी मी कामावर रुजू झाले. अजूनही एखादं चांगलं पुस्तक संपलं की तिला फोन करायला हात जातो.

मी डॉक्टरबाईंना म्हणाले, "चुकलं. मी खोटं लिहिलंय." गौरींचं सांगितलं. वाटलं, रागावतील. त्या वहीवरच्या नऊ ओळी खोडून म्हणाल्या, "तुम्ही खोटं लिहिलंत की मी तुमच्यावर नाही, त्या खोट्यावर औषध देते." डोस तोच ठेवला. तीन दिवसांत कमी झालं नाही तर लगेच या, म्हणाल्या. झालं कमी.

चौथ्या दिवशी साहेबांनी केबिनमध्ये बोलावलं. त्या केबिनला स्वतःचं टॉयलेट आहे. दार अर्धवट उघडं होतं, आत पांढरा टॉवेल टांगलेला दिसत होता.

"पॅकिंगला या, मॅडम," ते म्हणाले. "तिकडे उभ्याचं काम, खुर्चीचा प्रश्नच नाही. तुम्हालाही बरं. फक्त अर्ज तुमच्या हातचा पाहिजे. स्वखुशीने, म्हणून."

त्यांनी कोरा कागद पुढे केला. मी पेन घेतलं. 'विषय' लिहिलं. 'मी स्वखुशीने' इतकं लिहिलं आणि थांबले. महिन्यात दुसऱ्यांदा मी खोटं लिहीत होते. दोन्ही वेळा कोणाची तरी गैरसोय होऊ नये म्हणून.

मी ती ओळ खोडली. म्हणाले, "सर, लाल टॅगचा व्हाय-व्हाय फॉर्म भरायचा राहिलाय."

दोष सापडला की पाच वेळा 'का' विचारायचं आणि मुळापर्यंत जायचं, हे आम्हाला त्यांनीच शिकवलं.

"त्याची काय गरज?"

"प्रत्येक टॅगचा असतो, सर."

तिथेच उभ्याने भरला. खुर्चीला डाग का? रक्त लागलं. का? तपासनीस बाई जागेवरून उठू शकली नाही. का? रिलीव्हर आला नाही. का? दहा चाळीसला आणि अकराला मागूनही पाठवला नाही. पाचवा 'का' मी कोरा सोडला. "हा तुम्ही भरायचा," म्हणाले. अक्षर वाकडं आलं.

ते म्हणाले, "तुम्हाला हे महागात पडेल."

"अर्ज मी देणार नाही," मी म्हणाले.

फॉर्म अजून त्यांच्या टेबलावर आहे. माझं टेबल कधी जाईल सांगता येत नाही. हसणारे अजून हसतात. मान अजून खाली जाते, आणि ती वर करायला मला दरवेळी जोर लावावा लागतो.

पण गोळ्या आता डॉक्टरबाई सांगतील तितक्याच. जाऊबाईंना फोन करून सांगितलंय, पुढच्या गौरीत मला रक्त गेलं तर जाईल. चालत नसेल तर मी येणार नाही. वहीत जे घडलं तेच लिहिते. आणि कारखान्यात पुन्हा वेळ आली तर मी एकदा हात वर करीन, पाच मिनिटं थांबेन आणि उठेन. लाइन थांबेल. थांबू दे. का थांबली ते कोणी विचारलं तर बोर्डासमोर, सगळ्यांना ऐकू जाईल असं सांगेन. त्या वेळी सॉरी म्हणणार नाही.